देवीच्या रोटात पोरींची मूठ

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की आपल्याकडे कोरी साडी आधी देवीला नेसवतात आणि मग तीच प्रसाद म्हणून घरच्या बाईला मिळते, म्हणजे बाईला नवं काही मिळायचं तर देवी मध्ये घालावी लागते. एवढ्या एका वाक्यावरून इतकी पत्रं आलीत की यावेळी गुडघेदुखी, लोणच्याला बुरशी आणि बारावीनंतर काय, हे सगळं बाजूला ठेवलं. काहींनी शाबासकी दिलीय, काहींनी चांगलं झापलंय, एका गृहस्थांनी तर चार पानं लिहून शेवटी "उत्तराची अपेक्षा नाही" असं लिहिलंय, तर त्यांना नाही देत. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त गावं.

प्रश्न : ताई, आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. रोटासाठी गहू काढताना सासूबाई घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेतात आणि सव्वा सव्वा मूठ सुपात टाकतात. सासरे, आमचे मिस्टर, दोन दीर, त्यांची मुलं, पाळण्यातला तीन महिन्यांचा पुतण्या पण. मला दोन मुली. मोठी नऊ वर्षांची आहे, ती यंदा सुपाजवळ बसून मोजत होती आणि पटकन विचारलं, आजी माझी मूठ? सासूबाई म्हणाल्या तुझी मूठ तुझ्या सासरी. पोरगी हसली, मला मात्र रात्रभर झोप नाही. देवी बाई, रोट भाजणाऱ्या बाया, रात्रभर गाणी म्हणणाऱ्या बाया, आणि मोजायचे फक्त पुरुष, हे काय लॉजिक आहे? जाऊबाई म्हणतात देवाधर्मात डोकं नको लावू. – पारोळा

उत्तर : अगं, डोकं तर तुझ्या पोरीने लावलंय, आणि बरोबर जागी लावलंय.

आधी बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, नारळाला नथ, डोळे, साज चढवून चौरंगावर मांडतात, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी बाया डोक्यावर घेऊन नदीवर जातात. सुरतला, पुण्याला कामाला गेलेले भाऊबंद त्या दिवशी गाडीला लोंबकळत का होईना पण घरी येतात. आणि रोट, म्हणजे त्या मोजून काढलेल्या गव्हाच्या कणकेचा भाजलेला नैवेद्य. रोट बाहेरच्याला देत नाहीत, कुळातल्यांनीच खायचे, बऱ्याच घरी तर लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत. माझं स्वतःचं लग्न झालं त्या वर्षी मी श्रावणात माहेरी होते, आणि आईने मला खीर दिली, गंगाफळाची भाजी दिली, रोटाचं ताट मात्र माझ्यासमोरून उचलून आत नेलं. तिचा चेहरा आठवतो मला. तिला पण ते आवडलं नव्हतं पण हात थांबला नाही.

आता तुझ्या सासूबाईंचं वाक्य परत बघ. तुझी मूठ तुझ्या सासरी. पण सासरी गेल्यावर तरी तिची मूठ कुठे पडणार, तिथे नवऱ्याची पडेल, सासऱ्याची पडेल, मुलगा झाला तर मुलाची. तुझी पडते का? तुझ्या सासूबाईंची कधी पडली? म्हणजे माहेरचं सूप म्हणतं सासरी जा, सासरचं सूप बोलतच नाही. बाईची मूठ कुठल्याच सुपात नाही, हे तुझ्या नऊ वर्षांच्या पोरीला कळलं आणि आपण साठी गाठली तरी गाणी म्हणतोय.

माझं मत विचारशील तर हा हिशोब कानबाईचा नाहीच, भाऊबंदकीचा आहे. कुळ किती वाढलं, वाटे किती पडणार, पुढे दिवा कोण लावणार, याची ती वार्षिक मोजदाद. पूर्वी रेशनकार्ड नव्हतं, सूप होतं. जमिनीत ज्याचा वाटा त्याची मूठ. मग तो हिशोब देवीच्या नावाने झाला की त्याला कोणी हात लावत नाही, आणि हीच खरी गंमत आहे देवीच्या प्रतीकाची, की ते फार मोठं असतं, त्याच्या पदराखाली कोणीही काहीही ठेवून देतं.

आणि हे काही नुसतं भावनेचं नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, अख्ख्या राज्याचा आकडा ८९४. त्या वर्षीही आपण कानबाई बसवलीच होती, गौरी, घट, कुमारिकापूजन सगळं केलं होतं. आता ती मुलं लग्नाच्या वयाला येतायत, आणि त्यांच्या आधीच्यांच्या घराघरात आत्ताच रडारड आहे की पोरगी मिळत नाही. मिळेल कुठून, मूठच टाकली नव्हती.

पण तुझ्यासाठी एक जमेची बाजू आहे. कानबाईला पोथी नाही. कुठल्या शास्त्रात लिहिलंय विचारलं तर कोणालाच दाखवता येणार नाही, सगळं सासूकडून सुनेकडे तोंडी आलेलं. म्हणजे तुमच्या घरात कानबाईचं शास्त्र म्हणजे तुझ्या सासूबाई, आणि त्यांच्यानंतर तू. रोटाच्या दिवशी भांडू नको, पाहुण्यांसमोर त्यांना मागे सरता येणार नाही. एखाद्या दुपारी निवडत-टिपत बसल्या असतील तेव्हा विचार, आत्याबाई, तुमच्या माहेरी तुमची मूठ टाकायचे का हो? आणि मग गप्प बस. पुढचं त्यांना बोलू दे.

प्रश्न : आपण सतत आपल्याच धर्मातले दोष दाखवता. जगात दुसरीकडे कुठे परमेश्वराला आई म्हटलंय? शक्तीशिवाय शिव म्हणजे शव असं सांगणारी, "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" म्हणणारी संस्कृती पुरुषसत्ताक कशी असेल? मी ४० वर्षं नवरात्रात सप्तशतीचा पाठ करतो. – निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : गुरुजी, तुम्ही पाठ करता हे वाचून खरंच बरं वाटलं, कारण मग आपल्याला पोथीवर बोलता येईल, नाहीतर हल्ली या विषयावर सगळे फॉरवर्ड केलेल्या फोटोवरच भांडतात.

दुसरा अध्याय घ्या. महिषासुरापुढे देव हरले आणि त्यांच्या तेजातून देवी झाली, शंकराच्या तेजाचं मुख, विष्णूच्या तेजाचे हात, मग कोणी त्रिशूळ दिला, कोणी चक्र, इंद्राने वज्र, हिमालयाने सिंह. आपल्या वणीच्या सप्तशृंगीचे अठरा हात बघताना हेच डोळ्यापुढे येतं. यावर काही लोक म्हणतात, बघा, देवी सुद्धा पुरुषांनीच बनवली, शस्त्रं पण उसनी. मला ते घाईचं वाटतं, कारण पुढे दहाव्या अध्यायात शुंभ तिला हाच टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, आणि ती म्हणते "एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा", या जगात मी एकटीच आहे, दुसरी आहेच कोण, आणि बाकीच्या सगळ्या शक्ती तिच्यात परत जातात. त्याच्या आधी पाचव्यात शुंभाचा दूत मागणी घेऊन येतो तेव्हा ती सांगते, माझी प्रतिज्ञा आहे, जो मला युद्धात जिंकेल तोच माझा नवरा. गुरुजी, आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात एखाद्या पोरीने असं उत्तर दिलं तर काय होईल, तुम्हीच कल्पना करा. आणि अकराव्यात तर देवच म्हणतात, जगातल्या सगळ्या स्त्रिया तुझीच रूपं आहेत. तेव्हा पोथीत ताकद नाही असं मी म्हणणार नाही, भरपूर आहे, मी स्वतः ती ऐकत मोठी झालेय.

पण पाठाच्या आधी तुम्ही अर्गलास्तोत्र म्हणता ना? त्यात "पत्नीं मनोरमां देहि मनोवृत्तानुसारिणीम्" येतं. मनाजोगती, माझ्या मनाप्रमाणे वागणारी बायको दे. कोणाकडे मागतोय हे आपण? जिने शुंभाला आधी लढून दाखव म्हणून सांगितलं तिच्याकडे! ४० वर्षं म्हणताय तर कधीतरी या ओळीला जीभ अडखळली का, प्रामाणिकपणे सांगा. आमच्या गल्लीत बायकांचं मंडळ पण सप्तशती वाचतं, तिथे या ओळीला एक काकू दरवेळी पाणी पितात. मी विचारलं नाही, पण मला कळतं.

आता मनू. "यत्र नार्यस्तु" हा तिसऱ्या अध्यायातला ५६ वा श्लोक, भिंतीवर हाच असतो. तीनच श्लोक पुढे ५९ वा आहे, त्यात पूजा म्हणजे काय ते स्पष्ट केलंय, "भूषणाच्छादनाशनैः", म्हणजे दागिने, वस्त्र आणि जेवण देऊन, तेही सणासमारंभाला. आणि त्याच ग्रंथात नवव्या अध्यायात तिसरा श्लोक, बाप, नवरा, मुलगा यांनी रक्षण करायचं, स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही. लोक म्हणतात हे दोन श्लोक एकमेकांविरुद्ध आहेत. मला तर अजिबात वाटत नाही, ते एकाच घरातले आहेत, तेच घर जिथे लेकीला साडी-चोळी मिळते आणि घराची चावी मिळत नाही.

दुसरीकडे कुठे देवी नव्हती हे मात्र खरं नाही. ग्रीसमध्ये अथेन्स शहराचं नावच अथेना देवीशी जोडलेलं, हातात भाला, डोक्यावर शिरस्त्राण, आणि त्याच शहरात लोकांच्या सभेत बायकांना मत नव्हतं. आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचा हक्क मिळवला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, मुंबई हायकोर्टाच्या निकालानंतर, आणि तोही धक्काबुक्की सोसून. शनीचं एकवेळ सोडा, देवी स्वतः बाई, तिच्या खोलीत बाईला बंदी! देवीला विचारलं होतं का कोणी.

रागावू नका. पाठ चालू ठेवा, आणि पुढच्या नवरात्रात सूनबाईंना शेजारी बसवून अर्थासकट वाचा. माझ्यापेक्षा चांगले प्रश्न त्या विचारतील.

प्रश्न : ताई मी फर्स्ट इयरला आहे. घट बसले की मम्मी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते. मागच्या वर्षी घेतल्या आणि नंतर खूप त्रास झाला. देवीला चालत नाही म्हणते. देवीला पाळी येत नसेल का? – शहादा

उत्तर : येते की. आसामात गुवाहाटीला नीलाचल टेकडीवर कामाख्येचं देऊळ आहे, गाभाऱ्यात मूर्ती नाही, योनीच्या आकाराची शिळा आहे आणि त्यावर झऱ्याचं पाणी. दरवर्षी जून महिन्यात अंबुबाचीला देवी रजस्वला झाली म्हणून देऊळ तीन दिवस बंद ठेवतात, त्या दिवसांत शेतात नांगर घालत नाहीत, आणि चौथ्या दिवशी दार उघडलं की लाखो लोक लाल कपड्याचा तुकडा प्रसाद म्हणून घेऊन घरी जातात, त्यात पुरुष किती असतात बघ. केरळात चेंगन्नूरच्या भगवतीचंही असंच. म्हणजे देवीची पाळी प्रसाद आणि तुझी पाळी विटाळ.

मम्मीवर चिडू नको, तिलाही कोणीतरी बाहेर बसवलंच होतं. काही जण सांगतात की ती प्रथा बाईला आराम मिळावा म्हणून होती. मला हे पटत नाही, कारण आपल्याकडे चार दिवस देवघर बंद असायचं आणि कापसाची वेचणी चालू. आराम असता तर वेचणीला सुट्टी मिळाली असती ना. आणि गोळ्या डॉक्टरला न विचारता घ्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत, हे मम्मीला माझ्या नावाने वाचून दाखव. त्रास झाला होता तर एकदा लेडी डॉक्टरला दाखवून ये, लाजू नको.

प्रश्न : माझे वडील मागच्या वर्षी गेले. ३० वर्षं आमच्या घरची कानबाई आईच डोक्यावर घेऊन नदीवर जायची. यंदा काकूंनी चौरंग तिच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही मागे राहा. आई मागे राहिली. ती काही बोलली नाही, मला मात्र आवडलं नाही. मी पुरुष माणूस, बायकांच्या कामात कसा बोलू? – चोपडा

उत्तर : भाऊ, बोला. उलट तुम्हीच बोला, कारण अशा वेळी विधवा बाई स्वतः बोलली तर "हौस बघा" म्हणतात आणि सून बोलली तर आगाऊ ठरते.

शास्त्राचं म्हणाल तर दहा महाविद्यांमध्ये, म्हणजे देवीच्या दहा रूपांमध्ये, धूमावती आहे, विधवेच्या रूपातली देवी, पांढरं वस्त्र, हातात सूप, रथावर कावळ्याचा ध्वज. तिला देवी म्हणून मान आहे, पण सौभाग्यवतींनी तिच्यापासून लांब राहावं असंही सांगतात, म्हणजे देवी झाली तरी विधवेची सुटका नाहीच. जवळचं उदाहरण घ्यायचं तर बहिणाबाई चौधरी. तिशीत विधवा झाल्या, शेत सांभाळलं, पोरं वाढवली, जात्यावर अशी गाणी रचली की आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पदवीच्या कागदावर त्यांचं नाव चालतं, घरच्या चौरंगाला त्यांच्यासारखीचा हात चालत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येईल, पण खरं सांगू का, ठरावापेक्षा पुढच्या श्रावणात एक काम करा, काकूंच्या आधी स्वतः चौरंग उचला आणि आईच्या डोक्यावर ठेवा. पोराने ठेवलेला चौरंग काढून घ्यायची हिंमत सहसा कोणी करत नाही. हे पण पुरुषाच्या जोरावरच झालं म्हणा, मला माहितीय, पण आईचं अजून एक वर्ष मागे चालण्यात जायला नको.

प्रश्न : आमच्याकडे मुक्ताबाईंना आदिशक्ती म्हणतात. हा तर स्त्रीचा मोठाच गौरव नाही का? – मुक्ताईनगर

उत्तर : आहेच. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, आषाढीला पालखी तापीकाठाहून पंढरपूरला जाते, मीही एकदा काही मुक्काम चाललेय. फक्त मला कधी कधी वाटतं की आदिशक्ती म्हटलं की त्यातली पोर दिसेनाशी होते. ताटी लावून बसलेल्या मोठ्या भावाला दार उघड म्हणून समजावणारी, चांगदेवासारख्या म्हाताऱ्या योग्याची गुरू झालेली, विशीच्या आत गेलेली मुलगी. देवी म्हणून नमस्कार करायला काही लागत नाही हो. तेवढ्याच वयाची घरातली पोरगी मोठ्या भावाला चार शब्द सुनावते तेव्हा आपण काय म्हणतो, "तोंड फार चालतं हिचं". एवढंच.

प्रश्न : ताई, वडील जाऊन दोन वर्षं झाली, सहा एकर केळीची बागायत आहे, वडिलोपार्जित. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. आईने ओवाळलं, झोका बांधला होता, भावाने भारीतली साडी घेतली. तिसऱ्या दिवशी गाडीत बसवलं आणि म्हणाला रजिस्टर ऑफिसला जाऊन येऊ, एक सही आहे. हक्कसोड. मी डोकं दुखतंय सांगून टाळलं. आता भाऊ फोन उचलत नाही. माझं लग्न १९९१ चं, तेव्हाच्या बायकांना हक्क नाही असं तो म्हणतो. शिवाय आई म्हणते, लेक म्हणजे लक्ष्मी, लक्ष्मीने कधी मागायचं नसतं. – रावेर

उत्तर : लक्ष्मीने मागायचं नसतं कारण तिच्याजवळ असतं. तुझ्याजवळ काय आहे, साडी.

कायद्याचं आधी. भाऊ म्हणतोय ते अर्धवट ऐकीव आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या, ते तो धरून बसलाय. पण २००५ ला हिंदू उत्तराधिकार कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात लग्न कधी झालं ही अट नाही, मुलीला जन्मानेच मुलासारखा हक्क, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तर हेही सांगितलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी, ते कागद बघून घे. आईचाही वाटा आहे हे विसरू नको, बहुतेक घरात आईकडून पण त्याच दिवशी सही घेतात. सातबारा ऑनलाइन निघतो, वारस म्हणून तुझं नाव लागलंय का बघ, नसेल तर तलाठ्याकडे अर्ज दे. हक्कसोड पत्र नोंदवावं लागतं आणि तुझ्या राजीखुशीने लागतं, सही करायची नसेल तर करू नको, न केल्याने हक्क जात नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला पण मागत नाहीत.

आता बाकीचं. आखाजीला लेक घरी येते, गौराई बसते, झोक्यावरची गाणी, हे मला खूप आवडतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ओवाळून झाल्यावर गाडीत बसवून नेणं, हे बघ, बळी द्यायच्या आधी पण हळदकुंकू लावतात. कडक बोलले, राहू दे तसंच.

एक जुनी गोष्ट सांगते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम काढली होती, शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. हजारो शेतकऱ्यांनी केला, गावंच्या गावं. मला त्यातलं नावच आवडतं, लक्ष्मीची पूजा नाही, लक्ष्मीची मुक्ती, आणि तीही गाभाऱ्यात नाही, तलाठी कार्यालयात. तेव्हा हे आपल्याकडे कोणाला सुचलंच नाही असं नाही.

भावाशी भांडायची इच्छा नसेल तर एवढं सांग, कसायचं तूच कस, उत्पन्नाचं आपण बसून ठरवू, पण नाव राहू दे. बऱ्याच भावांची भीती वाट्यापेक्षा मेहुण्याची असते, तू स्वतः बोलायला गेलीस तर निम्मं काम होतं. आणि तोपर्यंत साडी नेस, भारीतली आहे म्हणतेस ना.

प्रश्न : पोरी, मी तुझ्या आईच्या वयाची. यंदा रोटाचे गहू काढताना मी माझ्या दोन नातींच्या पण मुठी टाकल्या. मोठ्या सुनेला म्हटलं, "पोरीसना नावनी बी मूठ टाक." तिने टाकली, हात थरथरत होता तिचा. माझे दीर चिडले. ते म्हणतात उद्या पोरी लग्न होऊन गेल्या की त्यांच्या मुठीचे रोट खाणार कोण, देवीचं उष्टं राहील, दोष लागेल. तसं काही असतं का? आणि गहू जास्त झाला म्हणून कणिक बिघडली की काय, यंदा रोट जरा कडक झाले. – शिरपूर

उत्तर : मायबाई, दंडवत तुम्हाला. पारोळ्याच्या सूनबाईला तुमचं हे पत्र वाचायला देतेय, पहिलं उत्तर तिलाच आहे.

दिरांना सांगा, सुरतला असलेला पुतण्या दोन वर्षं सुट्टी मिळाली नाही म्हणून आला नाही, त्याच्या मुठीचे रोट कोणी खाल्ले? घरच्यांनीच ना. मग नातींचे पण खातील, आणि पोरी आल्याच तर स्वतः खातील, ताट फक्त त्यांच्यासमोरून उचलू नका.

कणकेचं म्हणाल तर सव्वा मूठ दोनदा म्हणजे अडीच मुठी, तेवढ्याने काही बिघडत नाही. पाणी नेहमीच्याच मापाने घातलं असेल. पुढच्या वर्षी दोन पळ्या जास्त घाला आणि गोळा झाकून जरा वेळ तसाच राहू द्या.